बॉनेट उघडं होतं

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी घरच्या बाथरूममधली फुटलेली फरशी बदलत होतो. फरशी बसवणं हा माझा जन्माचा धंदा. हात सिमेंटने भरलेले, म्हणून फोन करंगळीने स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईने आधी माझी खात्री करून घेतली, मग म्हणाली, "तुमच्या मिसेसना इथे आणलंय. लगेच या."

मी विचारलं, "गाडी तापली का?"

ती म्हणाली, "गाडीचं मला माहीत नाही. तुम्ही या."

आमच्या घरात पहिला प्रश्न हाच असायचा. बायकोला यायला उशीर झाला की गाडी तापली असणार. तिचा फोन लागत नसला तरी गाडीच. ती जुनी गाडी अख्ख्या घराच्या तोंडात इतकी बसली होती की दुसरं काही बिघडू शकतं, हे आम्हाला सुचायचंच नाही.

मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. मुलाचं ऑफिस हॉस्पिटलच्या जवळ, तो माझ्या आधी आला होता. बाकावर एक अनोळखी माणूस बसला होता, मांडीवर पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. खाणीच्या रस्त्यावर ही त्याला दिसली आणि त्यानेच तिला आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

मुलाने वळून ड्रायव्हरला विचारलं, "गाडी बंद पडली होती ना?"

"बॉनेट उघडं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

मुलाने भिंतीवर मूठ मारली. "शेवटी त्या डबड्याने तिला मारलंच," म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मी डॉक्टरांच्या मागे आत गेलो. ड्रायव्हर उभा राहिला होता, त्याला आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मी परत आलो तेव्हा तो गेलेला होता.

माझी बायको नर्स होती. नोकरी संपल्यावरही ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची ड्रेसिंग करायची. सगळे तिला सिस्टरच म्हणत, आमच्या गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा. पेशंट गावाबाहेर, खाणीच्या पलीकडे, नव्या वस्तीत पसरलेले. त्यासाठी ही गाडी. गाडीला ती म्हातारी म्हणायची.

म्हातारीचं दुखणं एकच, तापणं. कधी रेडिएटर गळायचा, कधी पंखा रुसायचा, कधी एखादा पाइप फुगून यायचा. गॅरेजवाला, त्याला सगळे पाना म्हणत, एक बरं करून द्यायचा तोवर दुसरं निघायचं. पण बायको कधी चिडली नाही. तिची नजर रस्त्यावर जितकी, तितकीच त्या तापमानाच्या काट्यावर. काटा मध्यावरून वर सरकू लागला की तिचं काम ठरलेलं. सगळ्या काचा खाली. हीटर फुल्ल. हीटर म्हणजे काय, तर इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं आणि त्याची धग आपल्या तोंडावर येते. तितकीच इंजिनाची उष्णता कमी होते. ऐन उन्हाळ्यात, बाहेर डांबर वितळतंय आणि आत आम्हाला हीटर!

"अगं, भाजून निघालो मी," मी ओरडायचो.

"तिला जास्त ताप आहे. आपण थोडा वाटून घेऊ," ती म्हणायची. आणि कपाळावर घाम वाहत असताना गाणं गुणगुणायची.

मुलाची पहिली मुलाखत होती तेव्हा तिनेच त्याला सोडलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला मुलगा उतरला तो नखशिखांत भिजलेला. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी खिडकीबाहेर बघून विचारलं, "पाऊस लागला का?" तो म्हणाला, "नाही सर, आईने हीटर लावला होता." साहेब इतके हसले की बाकीचे प्रश्न राहूनच गेले. नोकरी मिळाली. ही गोष्ट तोच सगळ्यांना रंगवून सांगायचा.

हीटरनेही भागलं नाही तर ती सावली बघून गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायची, बॉनेट उघडायची. दाराच्या कप्प्यात एक टॉवेलचा तुकडा असायचा, तो बाटलीतल्या पाण्याने ओला करून रेडिएटरच्या झाकणाभोवती ठेवायची. डिकीतून घडीचं स्टूल काढायची आणि बसायची. येणारे-जाणारे थांबायचे. प्रत्येकाला घाई, "उघडा झाकण, मी ओततो पाणी." ही म्हणायची, "हात भाजून घ्यायचा असेल तर घ्या उघडून, ड्रेसिंगचं सामान आहे माझ्याकडे." मग तोही शेजारी दगडावर बसायचा. अशा बसण्यातून तिच्या कितीतरी ओळखी झाल्या. म्हातारी थंड झाली की पाणी घालायची आणि पुढच्या पेशंटकडे. इतक्या वर्षांत तिने एकदाही इंजिन जळू दिलं नाही. पाना म्हणायचा, "सिस्टर, तुमच्या हातात ही गाडी आहे म्हणून ती गाडी आहे. दुसऱ्याच्या हातात कधीच पत्रा झाली असती."

पुढच्या आठवड्यात पानाने गाडी खाणीपासून टोचन करून आणली आणि आमच्या दारात लावून गेला. मुलाने आतून पडदा ओढून घेतला.

"शनिवारी भंगारवाला येतोय," तो म्हणाला. "मी सांगितलंय त्याला."

"मला विचारलं नाहीस."

"बाबा, काय विचारायचं? ती रस्त्यात पडली तेव्हा ती गाडी उभी होती. चालू असती तर आई स्वतः हॉस्पिटलला पोचली असती. तुम्हाला बघवतं तिच्याकडे?"

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. जिला तिने इतकं जपलं, तिनेच ऐन वेळी दगा दिला, हे माझ्याच्याने गिळवत नव्हतं. माझी बायको कशी गेली तर त्या म्हातारीची सेवा करताना गेली, असं आयुष्यभर सांगायचं का लोकांना?

गुरुवारी दुपारी मी तिचं सामान काढायला गाडीत बसलो. तिच्या सीटवर बसलो, नेहमीची माझी शेजारची सोडून. आत इतकं उकडत होतं की जीव घाबरा झाला. काच खाली करायला मी हात घातला आणि तिथेच थांबलो.

काचा वर होत्या. चारही.

मी हीटरच्या खटक्याकडे बघितलं. बंद. दाराच्या कप्प्यात टॉवेलचा तुकडा होता, घडी घातलेला. उतरून डिकी उघडली. स्टूल दोरीने बांधलेलं, तिच्या नेहमीच्या गाठीने.

मी तसाच पानाच्या गॅरेजमध्ये गेलो. "टोचन करताना काचा तू वर केल्यास का?"

"नाही काका. होत्या तशाच आहेत. मी फक्त बॉनेट लावलं आणि हँडब्रेक सोडला. का?"

मी त्याला सांगितलं. तो हातातलं काम टाकून माझ्याबरोबर आला. मुलगा बाहेर येऊन दारात उभा राहिला, हाताची घडी घालून.

पानाने आधी रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी काठोकाठ. बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यातही खुणेपर्यंत. मग त्याने झाकणाच्या जागी एक हातपंप बसवून हवा भरली. कुठे गळत असेल तर पंपावरचा काटा पडतो. आम्ही तिघे त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हलला नाही. खालचा पाइप त्याने बोटांनी दाबून बघितला. "हा मऊ पडलाय. सिस्टरनी नवा आणून ठेवलाय ना, तो बसवायला हवा. पण गळत नाहीये." मग त्याने किल्ली फिरवली. म्हातारी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"काका, हिला त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं."

"वा," मुलगा म्हणाला. "दुरुस्ती तुमची, तपासणी तुमची, निकालही तुमचाच."

पानाचे कान लाल झाले. "दादा, तुम्ही दुसऱ्या कोणाकडे न्या. हवं तर बसा आणि घाट चढवून आणा. तापली तर माझ्या गॅरेजला कुलूप."

"मग बॉनेट का उघडलं तिने? हवा खायला?"

पानाने उघड्या बॉनेटकडे बघितलं. ज्या बाईने कधी काचा खाली केल्याशिवाय बॉनेटला हात लावला नाही, तिने त्या दिवशी थेट बॉनेटच का उघडलं?

"टेम्पोवाल्याला विचारू," मी म्हणालो.

दुधाची डेअरी खाणीच्या पुढे, चढावर. मुलाने गाडी चालवली, ओठ घट्ट मिटून. बहुधा त्याला ती तापायलाच हवी होती. चढ संपला तरी काटा मध्यावरच होता.

ड्रायव्हर रिकामे क्रेट धूत होता. आम्हाला ओळखून त्याने पाइप बंद केला, हात पुसले आणि आम्हाला बसायला दोन क्रेट उलटे करून दिले.

"त्या दिवशी नक्की काय झालं?" मी विचारलं.

"मी उतारावरून येत होतो. बॉनेट उघडं दिसलं म्हणून थांबलो. नाहीतर कोण थांबतंय? रस्त्याच्या कडेला गाडी लावून लोक झोपतात, फोनवर बोलतात. मी कॅन घेऊन गेलो. ताई सीटवर टेकून बसलेल्या. मला म्हणाल्या, 'पाणी नको, गाडी ठणठणीत आहे. मला हार्ट अ‍ॅटॅक येतोय. हॉस्पिटलला न्या.' अशा सांगत होत्या, जसं काही दुसऱ्या कोणाला येतोय. मी म्हटलं, ताई, तुमच्याच गाडीतून नेतो. तर म्हणाल्या, 'हिची सवय नसते कोणाला, तुम्ही तुमचीच काढा.'"

मुलगा खाली बघत होता.

"टेम्पोत बसल्यावर मी म्हटलं, बरं झालं गाडी बंद पडली, नाहीतर मी थांबलोच नसतो. तर हसल्या. म्हणाल्या, 'बंद नाही पडली. इथे फोन लागत नाही. बाई गाडीत बसलेली दिसली तर कोणी बघत नाही, बॉनेट उघडलं की थांबतात. मला अनुभव आहे.' मग डोळे मिटून घेतले. मध्येच मला ओरडल्या पण, 'अहो, गिअर बदला, टेम्पो ओरडतोय.'"

मला हसू आलं.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" मुलाने विचारलं. आवाज वर गेला नाही.

"तुम्ही विचारलंत, बंद पडली होती ना? मी म्हटलं, बॉनेट उघडं होतं. पुढचं सांगणार, तर तुम्ही निघून गेलात. हे आत गेले. मग मला वाटलं, घरच्यांना सध्या नको." त्याने शेजारच्या पाण्याच्या कॅनच्या झाकणाशी चाळा केला. "माझ्या आधी किती गाड्या गेल्या असतील, माहीत नाही. पण त्यांनी बॉनेट उघडलं नसतं तर मीही गेलो असतो, खोटं कशाला बोलू?"

छातीत कळ येत असताना तिने गाडी नीट कडेला घेतली. चालवताना शुद्ध गेली तर काय होईल, हे नर्सला कोणी सांगावं लागत नाही. हँडब्रेक ओढला. खाली उतरली, ते जड बॉनेट उचललं, त्याचा दांडा खाचेत अडकवला आणि परत येऊन बसली. घाबरून तिने हॉर्न दाबून धरला नाही, रस्त्यात धावली नाही. हातपाय गळून जातील अशा वेळी तिने लोक कशाने थांबतात एवढंच आठवलं आणि तेवढंच केलं. त्याचा उपयोग झाला. माणूस थांबला. त्यापुढचं तिच्या हातात नव्हतं. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं राहिलो, तिचं कौतुक कमी केलं असं नाही, पण एवढी हुशारी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

परतताना बाजारात गर्दीत अडकलो. पुढे ट्रक, मागे रिक्षा, गाडी जागची हलेना. उभ्या गाडीला वारा मिळत नाही आणि म्हातारीचा पंखा मुळातच आळशी. काटा मध्यावरून वर सरकला. मी बघितलं.

मुलाने काच खाली केली. मला म्हणाला, "बाबा, तुमची पण." मग मागे वाकून मागच्या दोन्ही केल्या आणि हीटरचा खटका पार टोकाला सरकवला. भट्टीसारखा झोत तोंडावर आला. शेजारच्या रिक्षातली बाई आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तशी बघू लागली. घाम त्याच्या गालावरून ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. काटा थांबला, मग हळूहळू खाली आला.

"साहेबांनी विचारलं होतं, पाऊस लागला का," तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला तेव्हा त्याने गिअर टाकला.

घरी आल्यावर त्याने भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. पानाला स्वतः भेटून आला, काय बोलला ते मी विचारलं नाही. मग तो त्याच्या कामावर गेला.

पेशंटकडे आता दुसरी नर्स जाते, तिची स्वतःची स्कूटर आहे. गाडी दारात आहे. आठवड्यातून एकदा मी ती सुरू करतो, बाजारापर्यंत नेऊन आणतो. तिने आणलेला नवा पाइप डिकीत स्टुलाखाली आहे. पाना म्हणतो, द्या, चुटकीसरशी बसवतो. मी म्हटलं, मी शिकून बसवीन. पण पाइप काढायचा तर तिने मारलेली स्टुलाची गाठ सोडावी लागते.

पाइप बसवायचा राहिला आहे.