पिवळ्या साडीतली मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला निघताना गोपाळरावांची जीभ घसरली. बायको जिजाबाई नवी पिवळी साडी नेसून दारात आल्या. साडी गोपाळरावांनीच गांधीबागेतल्या आपल्या दुकानातून हौसेने निवडलेली. तरी हा शहाणा माणूस बोलून गेला, "चला, आमची पिवळी मारबत निघाली."

नवी सून मयुरा साताऱ्याची. तिने विचारलं, "बाबा, मारबत म्हणजे काय हो?"

"राक्षशीन," जिजाबाई म्हणाल्या. "बांबू-कागदाची, भली मोठी. गावभर मिरवतात अन् जाळतात." एवढं सांगून त्या आत गेल्या आणि पिशवी भरू लागल्या. भावाकडे, कळमेश्वरला जायला.

गोपाळराव मागोमाग खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. मागच्या वेळी जिजाबाई रुसून भावाकडे गेल्या, तेव्हा त्यांनी सगळे दिवस खिचडीवर काढले होते. खिचडीचंही सोडा, जिजाबाईंशिवाय त्यांना घर खायला उठायचं, आणि हे बायकोला सांगायचं आजवर राहूनच गेलं होतं.

"अवं, मानाचा शब्द आहे तो," ते म्हणाले. "मार म्हणजे रोगराईले मारणारी."

"अन् बत?" जिजाबाईंनी पिशवी भरता भरता विचारलं.

'बत'चं त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं. 'मार'चा अर्थही आत्ताच, उंबऱ्यात उभ्याउभ्या तयार केलेला. "ते संस्कृतात असन," ते म्हणाले. मयुरा हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली.

"बाया तिची पूजा करतात वं. लेकराबाळाईची दुखणी घेऊन जाते ती. तू बी या घराची किती दुखणी काढली." हे मात्र मनापासून होतं. जिजाबाईंचा हात पिशवीत थांबला.

"अन् जाताना तिले लोक काय म्हणतात?"

"ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत," गोपाळराव म्हणाले आणि पुरते फसले.

"म्हणजे जायच म्हणतात. वापस ये, असं कोणी म्हणते काय?" जिजाबाईंनी पिशवीची चेन ओढली. "बसस्टँडवर सोडून देता का ऑटो करू?"

गोपाळराव आतल्या खोलीत गेले. बराच वेळ खुडबुड चालली. बाहेर आले ते स्वतःची पिशवी घेऊन. टॉवेल अर्धा बाहेर लोंबत होता.

"तुमी कुठी निघून राहिले?"

"तुह्यासंग. मारबत पीडा घरी ठेवून जाते काय? घेऊन जाते. अन् या घरातली मोठी पीडा मीच आहो."

जिजाबाईंनी टॉवेल नीट आत खुपसला. "बीपीच्या गोळ्या घेतल्या?"

"सगळीकडे पाह्यलं. सापडून नाही राहिल्या."

"कशा सापडतीन," जिजाबाई म्हणाल्या. "त्या मी पहिलेच माह्या पिशवीत टाकल्या."