वरचं दूध

वैजयंतीचं दूध वरच्या मजल्यावर होतं. लेक तीन दिवसांची झाली, तेव्हा तिच्या माहेरच्या बैठ्या घराला हा मजला आला आणि बाळंतिणीच्या खोलीतून वर जाणारा जिनाही. घरात कुणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. दूध अजून उतरलं नाही म्हटल्यावर ते वर कुठंतरी असणारच.

त्याची पावलं डोक्यावर वाजत. ते जिन्याच्या तोंडाशी येई, जरा थांबे आणि मागं फिरे. वैजयंती मान वर करून ऐकत राही, आणि मांडीवरची लेक चोखून चोखून थकून झोपी जाई.

लेक हलकी होत चालली होती. सहाव्या दिवशी ती झोपेतच गादीपासून चार बोटं वर उचलली गेली. वैजयंतीच्या आईनं तिला दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि दुपट्याचं टोक पलंगाच्या पायाला बांधलं. आणखी हलकी झाली तर छताला लागेल, असं म्हणून ती शेपूची भाजी टाकायला गेली. वैजयंतीनं ती गाठ चाचपून पाहिली. आपल्याला आपलं पोर साधं जमिनीवर ठेवता येत नाही, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भेटायला बायका येतच होत्या. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारकेची पूड. आणि डबा हातातून सुटायच्या आत प्रश्न, उतरलं का गं? नाही म्हटलं की जिन्याला एक पायरी वाढे, आणि विचारणारी त्याच पायरीवर बसे. घरी कुणीच जात नव्हतं. चुलतसासू तेराव्या पायरीवर होत्या आणि आपल्याला चारही वेळा कसं धो धो दूध आलं, ते बाराव्या पायरीला सांगत होत्या. जिना वाढला तसं खोलीतलं कपाट गेलं, खिडकी गेली. पलंग तेवढा उरला.

बाळाला वरचं दूध द्या, असं नवव्या पायरीवरून कुणीतरी सुचवलं.

"वरचंच तर हवंय," वैजयंती म्हणाली. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तेल लावायला शेवंताबाई आल्या. त्यांनी दुपटं सोडलं. पोर वर निघाली तशी तिचा पाय धरून त्यांनी जिन्याकडं पाहिलं.

"एवढी माणसं जिन्यात," त्या म्हणाल्या. "ते उतरायचं कुठनं?"

"चांगल्यासाठीच आल्यात हो."

"व्हय की. पर वाटंत बसल्यात."

वैजयंतीनं जन्मात कधी पाहुण्याला ऊठ म्हटलं नव्हतं. शेवंताबाईंनी दाखवलं तसं तिनं उघड्या लेकीला आपल्या उघड्या छातीशी घेतलं, पोटाला पोट लावून. लेकीचं वजन नव्हतंच, पण ती ऊबदार होती. वैजयंतीला रडू आलं आणि रडत रडतच तिनं सगळ्यांना उठायला सांगितलं. काकू, मावशी, वहिनी, एकेकीचं नाव घेऊन सांगितलं.

बायका पदर सावरत उठल्या. काहींना राग आला, तो त्यांनी दाखवलाही. जी जी गेली तिच्याबरोबर तिची पायरी गेली, आणि वरचा मजला तेवढा खाली आला. शेवटी चुलतसासू गेल्या. आता छत वैजयंतीच्या डोक्याला टेकलं होतं आणि पावलं तिच्या कानाशी वाजत होती. लेकीनं तोंड उघडलं. एवढं मोठं तिनं ते आजवर उघडलं नव्हतं.

एक पायरी उरली होती. तिच्यावर आई बसली होती, हाताला पीठ तसंच. सगळ्यांत आधी तिनंच विचारलं होतं.

"मी तर तुझी आईच आहे, वैजू," ती म्हणाली.

"हो," वैजयंती म्हणाली. "तू पण ऊठ."

आईनं गुडघ्यांवर हात टेकले, आणि तिच्या पाठीमागं एक पांढरं, ओलं पाऊल उचललं गेलं.