उस्मानपुऱ्याचा जगजेता

मी पट्टा बोलतोय. पँट घसरू नये म्हणून लावतात तो नव्हे. मला लावून मिरवणाऱ्यांच्या पँटी घसरलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात. मी चॅम्पियनचा पट्टा. टीव्हीवरचे आडदांड पहिलवान ज्याच्यासाठी एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालतात, तसला. फरक एवढाच, की ते पट्टे सोन्यासारखे चकाकतात आणि मी रिक्षाच्या सीटपासून बनलोय.

माझा जन्म उस्मानपुऱ्यातला. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. नूरमोहम्मदचं तिथं सीटकव्हरचं दुकान होतं. रिक्षाचे हूड, मोटारसायकलच्या गाद्या, असलं काम चालायचं. शिलाई त्याची मोठी बहीण शमशाद करायची. नूरमोहम्मदचा जिवलग दोस्त राजकुमार बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायचा, पण दिवसभर पडीक असायचा दुकानातच. या तिघांना एकच वेड होतं, टीव्हीवरची फ्रीस्टाइल कुस्ती.

एकदा शमशादनं उरलेलं काळं रेक्झिन घेतलं, आत फोम भरला, दुहेरी टाके घातले आणि मला शिवलं. मधली तबकडी एका चेमटलेल्या पितळी ताटाची. त्यावर ‘जगज्जेता’ असं कोरायला राजकुमार ती घेऊन भांड्यांवर नावं टाकणाऱ्याकडं गेला. त्या भल्या माणसानं एक ‘ज’ खाल्ला. ‘जगजेता’ वाचून राजकुमार रडकुंडीला आला.

शमशाद म्हणाली, “एकच ज गया ना रे राजू? जग तो है ना! बांध कमर को.”

असा मी जगात आलो.

कोण जिंकणार, यावर दर आठवड्याला तिघांची पैज लागायची. ज्याचं खरं ठरेल त्याच्या घरी माझा मुक्काम. नूरमोहम्मदला डोंगराएवढे पहिलवान आवडायचे. राजकुमारचा जीव काळ्या कोटातल्या एकावर होता. त्याच्या येण्याआधी घंटेचे टोल पडायचे. टोल ऐकला की राजकुमार उठून नूरमोहम्मदच्या घरातला दिवा घालवायचा आणि त्याच्या अम्मीच्या शिव्या खायचा. शमशाद मात्र नेहमी दुष्टांच्या बाजूनं. मागून मारणारे, पंचाचं लक्ष चुकवून डोळ्यात बोटं घालणारे, हरले की रडणारे तिचे लाडके. “अच्छा आदमी क्या करता? आता, जीतता, जाता,” ती म्हणायची. “सारी मेहनत तो ये कमीने करते.”

त्या काळाबद्दल माझं मत विचाराल तर सांगतो. ती माणसं संथ होती. नुसतं रिंगणात यायलाच इतका वेळ लावत, की तोवर चहा उकळून व्हायचा. डाव मोजके, पण एकेका भांडणाची गोष्ट महिनोन्‌महिने चालायची आणि आठवडाभर दुकानात दुसरा विषय नसायचा. सीट बदलायला आलेले रिक्षावालेही बाकावर बसून वाद घालायचे.

या आनंदात विरजण घातलं राजकुमारच्या मामानं. कडुबामामा पिशोर गावचे, लाल मातीतले जुने पहिलवान. कान मोडलेले, मान दिसायची नाही. आल्याची गोणी घेऊन शहरात आले आणि भाच्याला शोधत नूरमोहम्मदच्या घरी टेकले. टीव्हीवर एकानं दुसऱ्याला डोक्यावर उचलून धाडकन आपटलं होतं.

मामांनी विचारलं, “ह्यो मेला न्हाय?”

“मामा, उठंल तो आता. बघाच.”

तो उठला. मामा हसले. “ठरवून हाय रं हे समदं.”

“खरं असतंय, मामा!” राजकुमार लालबुंद झाला.

“व्हय? चल मग.”

मामा त्याला दुकानात घेऊन गेले, फोमचे तुकडे अंथरले, राजकुमारला अलगद उचललं आणि टाकून दिलं. फोम होता तरी त्याचा श्वास अडकला. पुढं कितीतरी दिवस त्याला सायकलच्या सीटवर नीट बसता येत नव्हतं.

“आता सांग,” मामा म्हणाले, “लगेच उठता येतंय का?”

“नाय.”

“मग ते कसं उठतेत?”

राजकुमार कंबर चोळत राहिला. शमशाद मशीन थांबवून म्हणाली, “मामा, ठरवके गिरे तो क्या जमीन नरम हो जाती?” मामा फोमचे तुकडे गोळा करायला लागले.

राजकुमार त्या दिवसापासून दुखावला तो दुखावलाच. काही महिने त्यानं टीव्हीकडं पाहिलंसुद्धा नाही. मग हळूहळू त्यानं मनाशी एक तोड काढली. आपल्या वेळची कुस्ती खरी होती, पुढं आली ती खोटी. वर्षं जात गेली तशी त्याची ‘आपली वेळ’ सोन्याची होत गेली आणि नंतरचे सगळे पहिलवान नाचे ठरले. माणसांची ही सवय मजेशीर असते. शंका आली, की ती दुसऱ्याच्या काळावर ढकलून मोकळं व्हायचं.

पुढं राजकुमारला चिकलठाण्यात कारखान्यात नोकरी लागली. रूपाशी लग्न झालं. लग्नात नूरमोहम्मदनं मला कायमचंच त्याच्या कमरेला बांधलं आणि फोटोत सुटावर मी दिमाखात दिसतो. त्यानंतर मात्र मी पलंगाच्या कप्प्यात गेलो. वर गोधड्या, बाजूला डांबरगोळ्या. बाहेर घरोघरी मोबाइल आले, जो तो आपापल्या हातात कुस्ती बघू लागला. पैज लावायला शेजारी माणूसच उरला नाही. पितळ काळवंडलं, रेक्झिनला भेगा पडल्या.

मला बाहेर काढलं मेघानं, राजकुमारच्या लहानग्या लेकीनं. तिनं गोधडी ओढली आणि मी तिच्या पायावर पडलो. तिनं मला उचललं, कमरेला गुंडाळलं, दोन वेढे झाले. मग ती पलंगावर चढली आणि गादीवर स्वतःला झोकून दिलं. पुन्हा चढली, पुन्हा झोकून दिलं. तिनं माझं पितळ चिंचेनं लख्ख घासलं.

मेघाबरोबर मी नव्या काळाची कुस्ती पाहिली. आणि काय सांगू, थक्क झालो. आताचे पहिलवान दोरावरून झेपावतात, हवेत कोलांटी घेतात, जुन्या लोकांनी महिन्यात केलं नसेल तेवढं एका लढतीत करतात. कधीकधी मला वाटतं, अरे, जरा दमानं घ्या, मागच्या उडीचं दुःख तरी होऊ द्या! पण बायकांच्या लढती? पूर्वी त्या लागल्या की माणसं पाणी प्यायला उठायची आणि परत येईस्तोवर त्या संपलेल्या असायच्या. आता शेवटची, मानाची लढत त्यांची असते आणि कुणी जागचं हलत नाही. जुने लोक नाक मुरडतात. मुरडू देत. माझं मन जुन्यांपाशी आहे, पण डोळे नव्यांवरून हटत नाहीत.

मेघा कॉलेजात मॅटवरची कुस्ती खेळली, पदकं आणली. राजकुमार छाती फुगवून सगळ्या कारखान्याला सांगायचा. मग एके दिवशी ती म्हणाली, “पप्पा, पुण्याला काही मंडळी फ्रीस्टाइलचे खेळ करतात. मला त्यांच्यात जायचंय.”

राजकुमारच्या हातातला घास ताटात परत गेला. “मॅटवर खेळ. मातीत खेळ. मामाकडं पिशोरला जाऊन खेळ. पण ठरवून पडायचं सोंग नको.”

“तुम्ही आख्खी जवानी तेच बघितलं ना?”

“आमच्या वेळचं खरं होतं.”

मेघाला हसू आलं. तिला ते आवरायला हवं होतं. राजकुमार ताटावरून उठला आणि त्यानंतर घरात कुस्तीचं नाव निघेना. मेघा पुण्याला गेली तेव्हा रूपानं तिच्या बॅगेत धपाटी ठेवली, लसणाची चटणी ठेवली आणि हळूच मलाही ठेवलं. “ने. पलंग कोण उघडून बघतंय?”

यंदा त्या मंडळींचा खेळ आमच्याच शहरात लागला, चिकलठाण्याच्या एका लग्नाच्या लॉनवर. राजकुमार येणार नाही म्हणाला. तेव्हा शमशाद रिक्षा घेऊन दारात उभी राहिली. केस पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच. नूरमोहम्मद मागं बसलेला, आणि त्याच्या शेजारी पिशोरहून एसटीनं बोलावून आणलेले कडुबामामा.

“बैठ राजू. नक्को-बिक्को कुछ नै.”

“आपा, मला नाय बघवायचं.”

“डोळे मीचके बैठ. पण बैठ.”

मेघाचं सोंग दुष्टाचं होतं, ‘पुणेरी मॅडम’. काळा गॉगल लावून, मला खांद्यावर टाकून ती रिंगणात आली. माइक घेतला आणि नाकात बोलू लागली, “नमस्कार. इथे म्हणे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. मग तुम्ही आंघोळ एकमेकांच्या घामाने करता का?”

लॉन पेटलं! लोकांनी असा काही शंख केला, की मांडवाचं कापड हललं. शमशाद आनंदानं टाळ्या पिटत होती. “या अल्लाह, क्या कमीनी है! अपनी बच्ची है!” राजकुमार शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. त्याची नजर लेकीवर नव्हती, माझ्यावर होती. त्यानं मला ओळखलं होतं.

समोर परभणीची युसरा. लोकांची लाडकी, चपळ आणि हसरी. ठरलेलं असं, की पुणेरी मॅडम लबाड्या करणार, शेवटी युसरा तिला आपटणार आणि पट्टा जिंकणार. मला पंचाच्या टेबलावर ठेवलं होतं, त्यामुळं मला सगळं जवळून दिसत होतं. मेघानं युसराची वेणी ओढली, पंचाची नजर चुकवून चावली, लोक ओरडून बेजार. मग युसरा दोरावर चढली, झेपावली, आणि अंदाज चुकला. तिचा गुडघा थेट मेघाच्या नाकावर बसला.

रक्त आलं. खरं रक्त. मेघा दोराजवळ पालथी पडली आणि हलेना.

मी टेबलावर पडलेला, ना हात ना पाय. तेवढ्यात खुर्च्या पाडत कुणीतरी पळत येताना दिसलं. राजकुमार!

“थांबवा! खेळ थांबवा! पोरगी माझी हाय ती!”

लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. राजकुमार दोराखालून वाकला. मेघा तोंड न हलवता पुटपुटली, “पप्पा, खाली बसा. अजून माझं हरायचं राहिलंय.”

“नाक, बाळा, नाक...”

“नाक जागेवर हाय. मी युसराला तशी खूण केलीय. तुम्ही फक्त माझ्यावर ओरडा. लोक बघायलेत.”

राजकुमार तसाच ओणवा थांबला. त्याचा चेहरा मी फार वर्षं ओळखतो, पण तसा मी कधी पाहिला नव्हता. मग तो ताठ उभा राहिला, डोळे पुसले आणि घसा फोडून ओरडला, “ए पुण्याची! ऊठ की! का पाणी पाहिजे नळाचं?”

आख्खं लॉन उभं राहिलं. मेघा उठली. त्यानंतर ती जी लढली, ती पाहायला मिळाली म्हणून माझ्या जन्माचं सार्थक झालं. प्रत्येक मार तिनं असा घेतला, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो लागला. युसराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मेघा तिला हळूच म्हणत होती, “चल, घाबरू नको.” शेवटी युसरानं तिला डोक्यावर उचललं आणि टाकलं. पंचानं तीन मोजले. पुणेरी मॅडम पाय आपटून, भोकाड पसरून रडली, आणि लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

खुर्चीवर उभे राहून कडुबामामा ओरडत होते, “काय पडली रं! मान वाचवून, पाठ टेकवून, काय पडली! मला जन्मात असं पडता आलं नाय!”

खेळ संपल्यावर पडद्यामागं मेघा नाकावर बर्फ धरून बसली होती. युसरा तिची पुन्हा पुन्हा माफी मागत होती. राजकुमार आला, लेकीसमोर उकिडवा बसला.

“समदं ठरवून असतंय ना?”

“हो पप्पा.”

“नाकाचं पण?”

“ते नाही.”

त्यानं तिच्या हातातला बर्फ नीट नाकावर टेकवला. मग विचारलं, “आमच्या वेळचे... ते पण असंच?”

मेघानं या वेळी हसू आवरलं. “हो पप्पा. असंच.”

“दर आठवड्याला? इतकी वर्षं? ठरवून, एवढ्या उंचावरून?”

“हो.”

राजकुमारनं दीर्घ श्वास घेतला. “मग तर ते लईच भारी होते गं.”

आणि बापलेक दोघंही हसायला लागले. नाक दुखतंय म्हणून मेघा मध्येच थांबायची आणि पुन्हा हसायची. तेवढ्यात युसरानं मला मेघापुढं धरलं. “ये तेरे घर का है. मंडळींकडं दुसरा पट्टा आहे, मी तो घेईन.”

राजकुमार उठला. मला हातात घेतलं, माझ्या चुकलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग युसराच्या कमरेला त्यानं मला स्वतः बांधलं. “तू जिंकलीस ना? लोकांनी बघितलंय. आता हा तुझा.” शमशादनं चष्मा वर करून माझे टाके तपासले आणि एक सैल झालेला दातांनी तोडून टाकला.

आता मी युसराच्या बॅगेत असतो. सोबतीला गुडघ्याचे पट्टे, वेदनाशामक मलम आणि तिच्या आईनं दिलेला चिवडा. काल जालना, उद्या नांदेड. मेघाचं नाक बरं झालंय. ती दुसऱ्या सोंगाची तयारी करतेय. राजकुमार सुट्टीच्या दिवशी कुठल्याही गावी पोचतो आणि पुढच्या रांगेत बसून स्वतःच्या लेकीला शिव्या घालतो.

तुम्हीही या. जुनं भारी की नवं भारी हा वाद घरून घालतच या, पण या. एकट्यानं हातातल्या काचेवर बघू नका. शेजारच्याचा खांदा धरून ओरडा. ठरवून आहे का, असं विचारू नका. फक्त खुर्च्या फेकू नका, त्या मांडववाल्याच्या असतात.

चला, माझी निघायची वेळ झाली. बाहेर लोक जमलेत, युसरा मला कमरेला आवळतेय, आणि दोरापलीकडं कुणीतरी माझ्यासाठी पडायला सज्ज उभं आहे.