अर्धा किलो कुरडया आणि काट्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, आणि आयुष्यात मी कधीही खोटं बोललेलो नाही. दमट हवेत पाच-सहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. पण तो माझा दोष नाही, हवेचा आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. कुठल्या, ते पाठीवरच्या कागदावर होतं; तो कागद उंदरांनी खाल्ला. उमेदीची वर्षं मी नारायणगावच्या पुनमचंदशेठच्या किराणा दुकानात गूळ, शेंगदाणे तोलण्यात काढली. मग शेठनी नवा काटा घेतला आणि मला निमगाव सावाच्या प्रतिभाला स्वस्तात दिलं. ती घरी केलेल्या कुरडया मोबाइलवरून पुण्या-मुंबईला विकते. पहिल्या दिवशी तिनं मला हळदकुंकू वाहिलं. कुंकू बटणात गेलं, पण मान मिळाला.

तो महिनाभर टिकला. मग कुरियरचं बिल आलं. अर्ध्या किलो कुरडयांचं पार्सल मी खोक्यासकट आठशे ग्रॅम दाखवलं होतं. बिलात दर पार्सलला तीन किलो लावले होते. विक्रीचे सगळे पैसे त्यात गेले, वर पदरचे घालावे लागले.

"अजून एक महिना बघतो," प्रतिभाचा नवरा भरत म्हणाला. "पुन्हा पदरचं गेलं तर दुकान बंद."

"बंदबिंद न्हाई व्हणार. आधी चोर सापडू द्या," प्रतिभा म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

मिठाच्या सीलबंद पुड्यानं माझी परीक्षा झाली. मी एक किलो सांगितलं. तेव्हा मिठावर संशय गेला आणि साखरेचा पुडा आणला. साखरेनंही माझ्याच बाजूनं साक्ष दिल्यावर प्रतिभाची नजर सासूकडे, गोजरबाईंकडे वळली.

"आत्या, तोलून झाल्यावर तुमी मूठभर कुरडया वर टाकता ना?"

"टाकते की. काटेकोर मापून दिलं तर लोक काय म्हणतील?" गोजरबाई म्हणाल्या. "पण मुठीनं दोन किलो वाढतात व्हय गं? माझी मूठ हाय का फावडं?"

उरला कुरियरवाला. भरतनं मला पोत्यात घातलं, प्रतिभानं पार्सल मांडीवर धरलं आणि मोटरसायकल नारायणगावला निघाली. कुरियरच्या ऑफिसात हौशीराम बसला होता. त्यानं पार्सल त्याच्या काट्यावर ठेवलं. आठशे दहा. मग माझ्यावर ठेवलं. आठशे दहा! मला मिशा असत्या तर तिथंच पीळ दिला असता.

"मग तीन किलो कुणाचं वजन, राव?" भरतचा आवाज चढला. "तुमचा हात ठिवला व्हता का वर?"

"वजन कोण बघतंय, भाऊ?" हौशीरामनं टेप काढून खोका मोजला. "माल हलका आन खोका मोठा असला की खोका मोजायचा. जेवढी जागा आडवली तेवढं वजन धरायचं. बिलामागं बारीक अक्षरात हाय. कुठनं आणलाय ह्यो खोका?"

"द्राक्षाचा हाय. बागेतनं फुकट आणलाय," प्रतिभा अभिमानानं म्हणाली. "पॅकिंगला खर्च शून्य!"

"वैनी, मग तुमी दर येळी दोन किलो हवा मुंबईला पाठवताय. भाडं भरून."

परत येताना भरतनं मला पोत्यात न घालता हातात धरायला प्रतिभाकडे दिलं. माफी कुणी मागितली नाही.

लहान खोके विकत आणले, तर त्यात कुरडया मावेनात. दाबल्या की मोडायच्या. प्रतिभा रडकुंडीला आली. गोजरबाई म्हणाल्या, "मोडू दे की. भाजीला मोडूनच घेतो आपण." झालं. प्रतिभानं मोबाइलवर 'खास भाजीच्या कुरडया' असं नाव टाकलं आणि त्या अख्ख्या कुरडयांपेक्षा जास्त खपल्या. महिनाअखेर सगळा खर्च जाऊन तीनशे चाळीस रुपये उरले. भरतनं आकडा दोनदा तपासला, एकदा कॅल्क्युलेटरवर आणि एकदा बोटांवर. दुकान राहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा. बॅटरी वेळेवर बदला, कुंकू बेतानं लावा, आणि बिल मोठं आलं तर काट्याला चोर म्हणण्याआधी त्या बिलाची मागची बाजू वाचा.

त्या तीनशे चाळीस रुपयांत, आठवड्यातून दोनदा पार्सलं नारायणगावला पोचवायला भरत मोटरसायकलमध्ये टाकतो ते पेट्रोल धरलेलं नाही.