बदलापूरच्या झोपाळ्यावरचं भूत

मी झोपाळा बोलतोय. बदलापूर गावापुढच्या एका फार्महाऊसच्या ओसरीवर टांगलेला. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सुताराने मला चांगल्या सागवानातून घडवलं, ते माणसांनी निवांत बसावं म्हणून. पण सुट्टीला येणाऱ्या माणसांना निवांत बसता येत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं.

इथे स्वयंपाक करायची पुतळाबाई. ही जमीन पूर्वी तिचीच. नवरा भगवंत वारल्यावर ती जमीन या फार्महाऊसच्या मालकाकडे, नरेंद्रशेठकडे गेली आणि त्याच जागेवर बाई चुलीपाशी उभी राहिली. दुपारी भांडी आटोपली की ती माझ्यावर घटकाभर टेकायची, स्वतःशीच भगवंतबद्दल बोलायची. माझ्यावर नीट बसलेलं माणूस ते एकच.

एका दुपारी ठाण्याहून आलेल्या हेमचंद्रच्या बायकोने, प्रीतीने, जाळीच्या पडद्याआडून तिला पाहिलं आणि भूत समजून किंकाळी फोडली. आपल्याला शेठच्या झोपाळ्यावर बसलेलं पाहिलं, म्हणून पुतळाबाई घाबरून मागच्या दाराने पळाली. मी नुसताच हलत राहिलो. हेमचंद्रने माझा व्हिडिओ काढला.

अर्ध्या तासापूर्वी याच बाईच्या हातची तांदळाची भाकरी दोघांनी बोटं चाटत खाल्ली होती. वाढणारीच्या तोंडाकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. असले हे भूत पाहणारे!

व्हिडिओ फिरला. मग भूत बघायलाच गर्दी होऊ लागली. अंबरनाथहून, कल्याणहून, पार पुण्याहून मोठमोठी शिकलेली माणसं यायची आणि माझी कडी कुरकुरली की एकमेकांना बिलगायची. कुरकुर कसली, तेल घातलं नव्हतं.

शेठने पुतळाबाईला गोड बोलून सांगितलं की, रविवारी पांढरं लुगडं नेसून, केस सोडून माझ्यावर बसायचं, काही बोलायचं नाही. तिचा मुलगा धर्मेश पाय मोडून घरी पडला होता, पैसे हवे होते. ती तीन रविवार बसली. मान खाली घालून.

चौथ्या रविवारी पाहुण्यांना गोष्ट हवी होती. शेठने तिथल्या तिथे रचली. म्हणाला, इथे भगवंत नावाचा शेतकरी होता, संशयी, दारुडा. त्याने बायकोला याच जागी मारलं.

माझ्या कड्या थांबल्या. पुतळाबाईने पाय जमिनीला टेकले होते. तिने केसांचा अंबाडा बांधला, उठली आणि सरळ पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"भगवंत माजा नवरा. त्यानी माज्यावर कवा हात नाय उगारला. या जाग्यान आमी दोगांनी भात लावला. मी भूत नाय. सकालची भाकर मीच वाढली तुमाला."

मग एक जण मोबाईल खाली न घेताच म्हणाला, "ॲक्टिंग एक नंबर है."

टाळ्या पडल्या. पुतळाबाई भर उन्हात फाटकाबाहेर चालत गेली, ती परत आली नाही. धर्मेशने लंगडत येऊन तिच्या चपला आणि परात नेली.

आता मला नायलॉनची दोरी बांधली आहे. मागच्या खिडकीतून शेठ स्वतः ओढतो. पाहुणे किंचाळतात, खूश होऊन घरी जातात.

उद्या तुम्हीही याल. खुशाल किंचाळा, तुमच्याकडून मला दुसरी अपेक्षा नाही. फक्त शेठ ती गोष्ट सांगू लागला, तर माझ्यासाठी एवढं करा, मध्येच उठून जा. मला उठून जाता येत नाही.