हेल्मेटवरचं कुंकू

सरलाकाकूंनी पिशवीतून तबक काढून मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसलेल्या लेकाचा चेहरा पडला.

"आई, प्लीज. इथे नाही," श्रीरंग म्हणाला.

"मग कुठे? तुझ्या लिव्हिंग रूममध्ये?"

गेटवर सिक्युरिटीवाल्यानं तबक उलटंपालटं करून पाहिलं होतं. पण निरांजन सेलवर चालणारं, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मुद्दाम आणलेलं. तो बिचारा काय बोलणार?

खाली मैदानावर हाफटाइम चालू होता. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलला शंभर वर्षं झाली म्हणून एकेक वर्ष पुकारून जुन्या टीम्सना बोलावत होते. पोटं सुटलेले, टकलं पडलेले गडी हात हलवत धावत होते. सत्त्याण्णव झालं. मग एकदम नव्याण्णवच.

"अठ्ठ्याण्णव कुठेय रे?"

"नसेल लिस्टवर. एकही मॅच जिंकलो नव्हतो आम्ही. जाऊ दे ना."

जाऊ दे! सत्तावीस वर्षं हा पठ्ठ्या हेच म्हणत आला होता. त्या सीझनला दहाच्या दहा मॅच हरले. शेवटची तर याच्याच किकवर अवलंबून होती आणि बॉल खांबाला लागून परत आला. तेव्हापासून यानं या मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. आजही आला तो आईला ड्राइव्ह करता येत नाही म्हणून. पण नऊ मॅच मार खाऊन दहाव्या मॅचला तितक्याच हौसेनं उभी राहिलेली ती पोरं! त्यांचं वर्षच खोडून टाकायचं? काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या वर्षी घरच्या प्रत्येक मॅचआधी पार्किंग लॉटमध्ये त्यांनी अख्ख्या टीमला ओवाळलं होतं. उघड्या डोक्यानं ओवाळून घ्यायचं नाही, म्हणून पोरांना हेल्मेट घालायला लावायच्या. मग कपाळ कुठलं सापडायला! कुंकू हेल्मेटवरच लावायच्या. बाकीची पोरं हसत मान वाकवायची. श्रीरंग तेवढा मैदानात शिरायच्या आधी बाहीनं खसाखसा पुसून टाकायचा. काकूंना ते दिसायचं. बोलल्या मात्र कधी नाहीत.

गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या.

"आई, बस ना. लोक बघताहेत."

"बघू देत. तेव्हाही बघतच होते."

एकेक पायरी उतरत त्या कठड्याच्या फाटकापाशी पोचल्या. पिवळ्या जॅकेटातल्या मुलीनं हात आडवा केला. ज्यांचं वर्ष पुकारलंय त्यांनाच आत सोडतोय, म्हणाली.

"आमचं नाही पुकारलं, म्हणून तर आले," काकूंनी आपल्या ठसक्यातल्या इंग्रजीत सांगितलं आणि निरांजनाचं बटण दाबलं.

"आई!"

अख्खी टीम त्यांना आईच म्हणायची. पायऱ्यांवरून त्याच टीममधला डॅनी उतरत होता. तेव्हाही धिप्पाड, आता तर दुप्पट. पुकारतील या आशेनं जुनं हेल्मेट बगलेत मारून आला होता. त्याच्या मागून आणखी पाचसहाजण उठले. आईला परत न्यायला म्हणून श्रीरंगही धावत खाली आला.

डॅनीनं हेल्मेट पुढे धरलं. पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध, पुसट तांबूस डाग होता.

"आय नेव्हर वॉश्ड इट," तो म्हणाला. "नॉट वन्स."

श्रीरंग त्या डागाकडे बघत राहिला. अंगठ्यानं चाचपायला गेला आणि हात मागे घेतला. मग चष्मा काढून त्यानं खिशात टाकला, डॅनीच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि कान दुमडत, कसंबसं डोक्यात घातलं.

आईपुढे मान वाकवली.

 जुन्या डागावरच काकूंनी नवं कुंकू लावलं आणि ओवाळलं. आजूबाजूचे फोन वर करून शूटिंग करायला लागले होते.

"व्हॉट इयर?" मुलीनं गोंधळून विचारलं.

"नाइन्टी-एट," श्रीरंग मोठ्यानं म्हणाला. स्वतःच फाटकाची कडी काढून, आईचा हात धरून तो मैदानात शिरला. या वेळी बाही हेल्मेटकडे गेली नाही.