ताजा रंग

नदीच्या मधोमध इंजिन तापल्याचा भोंगा वाजायला लागला आणि बोट चालवणाऱ्या ताईने मागे वळून पाहिलं. बोटीत तिची धाकटी बहीण कळांनी तळमळत होती. दवाखाना पलीकडच्या काठावर, आणि खालच्या अंगाला बंधाऱ्यावरून कोसळणारं पाणी इथपर्यंत ऐकू येत होतं. इंजिन बंद केलं की बोट बंधाऱ्याकडे ओढली जाणार. चालू ठेवलं तर इंजिनच जळणार, म्हणजे मग सगळाच आनंद.

"ताई, भोंग्याची वायर तोडू?" धाकटीचा नवरा म्हणाला.

"दुखतंय म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड दाबता का, भावोजी? वल्हं घ्या. बोट खाली जाऊ देऊ नका!"

तिने इंजिन बंद केलं. ऑइल कालच भरलं होतं, म्हणजे राहिलं पाणी. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते. ती दिसली की समजायचं, नदीचं पाणी आत फिरून इंजिन थंड ठेवतंय. मघाशी तिथे थेंबही नव्हता. धार बघितल्याशिवाय दोर सोडायचा नाही, हे धक्क्यावर सगळ्यांना हीच शिकवायची. आज घाईत स्वतःच विसरली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

धारेच्या भोकात तिने तार घालून पाहिली. भोक मोकळं होतं. मग बोटीच्या मागे टांगलेली अख्खी मोटार पाण्याबाहेर उचलली. पंख्याच्या वर पाणी आत घेणारी जाळी असते. ती जाळीच दिसेना. तिथे नुसता गुळगुळीत, चकचकीत निळा रंग. तिने त्यावरून हाताचं बोट फिरवलं, तर नखाला एक कड लागली.

"भावोजी, मोटार रंगवलीत?"

"परवा. बाळ येणार, म्हटलं सगळं कसं नवंकोरं..." या माणसाने आठवड्याभरात फाटक, स्टूल आणि न्हाणीघरातली बादलीसुद्धा रंगवली होती. "रंग आत जाऊ नये म्हणून जाळीवर चिकटपट्टी लावली होती."

"आणि काढलीत कधी?"

वल्हं थांबलं.

"वल्हवा!" दोघी बहिणी एकदमच ओरडल्या.

एक पट्टी निघाली. दुसऱ्या बाजूची काढताना नख मोडलं, रक्त आलं. इंजिन अजून तापलेलं होतं, लगेच चालू करण्यात अर्थ नव्हता. थांबणं भाग होतं, आणि बंधारा वाढत्या आवाजात जवळ येत होता. धाकटीने ताईचं मनगट असं आवळलं की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

अखेर तिने मोटार पाण्यात सोडून चावी फिरवली. इंजिन नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यांदा फिरवली, तेव्हा ते धडधडून चालू झालं. धार मात्र येईना. मग गरम पाण्याची एक पिचकारी उडाली, थांबली, आणि पुन्हा सुरू होऊन पडतच राहिली. भोंगा गप्प होता. बोटीचं नाक वळलं.

"अहो," धाकटी दात आवळून नवऱ्याला म्हणाली, "घरी पाळणा आणून ठेवलाय ना..."

"हो, हो! त्याच्यासाठी पिवळा रंग आणलाय."

"त्याला हात तर लावून बघा!"

ताई रडता रडता हसली, पण काठ येईपर्यंत तिने धारेवरची नजर काढली नाही.